देन्शी जिशो: रसायनांच्या जपानी नावांचे कूळ सांगणारा जुना यंत्रकोश

पुण्यात बसून जपानी तांत्रिक मजकुराचे भाषांतर करणाऱ्यांच्या टेबलावर आजकाल लॅपटॉप आणि फोन यांखेरीज तिसरे यंत्र सहसा दिसत नाही. माझ्या टेबलावर गेल्या दीड वर्षापासून ते आहे. चष्म्याच्या घरासारखा उघडणारा, वर पडदा आणि खाली बारीक कळफलक असलेला हा देन्शी जिशो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शब्दकोश, २०१२ सालच्या मॉडेलचा आहे आणि एका परिचितांनी तोक्योतील जुन्या वस्तूंच्या दुकानातून तो मला साडेचार हजार येनला आणून दिला. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे मला काही तक्रारी करायच्या आहेत आणि या जातीच्या बहुतेक यंत्रांना त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

माझे काम मुख्यतः रसायनांची सुरक्षा-माहितीपत्रके आणि प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतींचे दस्तऐवज इंग्रजीत आणण्याचे आहे. त्यामुळे या यंत्राची परीक्षा मी एकाच कसोटीवर घेतली आहे: युरोपीय भाषांतून जपानीत शिरलेल्या रासायनिक संज्ञांविषयी ते किती आणि कितपत खरे सांगते. ज्यांना जपानी कथा-कादंबऱ्या वाचण्यासाठी किंवा भाषेच्या परीक्षेसाठी कोश हवा असेल, त्यांनी या परीक्षणावर विसंबू नये.

यंत्रात एक मोठा एकभाषी जपानी कोश, दोन्ही दिशांचे जपानी-इंग्रजी कोश आणि एक शास्त्रीय संज्ञांचा कोश आहे. माझ्या दृष्टीने सगळी किंमत वसूल होते ती पहिल्यात. काताकाना या, मुख्यतः परकी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी लिपीतील उसन्या शब्दाच्या नोंदीला सुरुवात होण्याआधी तेथे कंसात एक छोटी खूण असते, आणि तो शब्द कोणत्या भाषेतून आला ते ती सांगते: ‘रान’ म्हणजे डच, ‘दोकु’ म्हणजे जर्मन, ‘पो’ म्हणजे पोर्तुगीज, इंग्रजी असेल तर खूणच नाही. माझ्या फोनमधील फुकट कोश ही खूण देत नाही, तो थेट इंग्रजी अर्थ समोर ठेवतो. कूळ कळून भाषांतरकाराला काय मिळते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे प्रयोगशाळेतील साहित्याची एक यादी आली होती, आणि तिच्यात ‘मेसुशिरिंदा’ असा शब्द होता. ‘शिरिंदा’ म्हणजे सिलिंडर हे उघड होते. ‘मेसु’साठी माझ्या तेव्हाच्या खिशातील कोशात दोन अर्थ सापडले, एक प्राण्याची मादी आणि दुसरा शस्त्रक्रियेची सुरी. मादी सिलिंडर असू शकत नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून मी सुरी निवडली आणि ती वस्तू कापण्याच्या अवजारांबरोबर लावून मोकळी झाले. मजकूर तपासणाऱ्या वरिष्ठ बाईंनी त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि एवढेच म्हणाल्या, “अगं, हे मोजपात्र आहे. शाळेत पाणी मोजलं नाहीस का त्यानं?”

हाच शब्द मी या यंत्रात सर्वांत आधी टाकला. नोंद स्वच्छ होती: पहिला भाग जर्मन, मोजण्याच्या अर्थाचा ‘मेस’, आणि दुसरा इंग्रजी सिलिंडर. डॉक्टरांच्या हातातील ‘मेसु’ डच भाषेतून आलेला आहे, कारण डचमध्ये ‘मेस’ म्हणजे सुरी. आणि मादी या अर्थाचा ‘मेसु’ अस्सल जपानी आहे. तिन्हींचा उच्चार जवळजवळ एकच, पण तिन्ही शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. शेजारीच ‘मेसुफुरासुको’ होता, म्हणजे ठरावीक मापाचा चंबू, आणि त्यातील ‘फुरासुको’वर पोर्तुगीजची खूण होती. एकाच कपाटातील थेंब टाकण्याची नळी ‘सुपोइतो’ डच ‘स्पॉइट’वरून, पेट्रीची बशी ‘शारे’ जर्मन ‘शाले’वरून आणि बीकर, म्हणजे आपले चंचुपात्र, इंग्रजीवरून आलेले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, १६४१ पासून पुढची दोन शतके नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना राहू दिले गेले, मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, वैद्यक आणि विज्ञान शिकायला विद्यार्थी मोठ्या संख्येने जर्मनीला जाऊ लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजीचा जोर वाढला. हा क्रम एखाद्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा भांड्यांच्या यादीतून मला अधिक पक्का समजला, आणि तो केवळ त्या छोट्या कंसांमुळे.

आता ज्या शब्दावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला त्याकडे वळते. तो शब्द आहे ‘कारी’. यंत्रात ध्वनीने शोध घेतला की पडद्यावर समध्वनी शब्दांची रांग येते, आणि ‘कारी’च्या रांगेत शिकार येते, तात्पुरते येते, उसनवारी येते, आणि बऱ्याच खाली, काताकानात लिहिलेला, आपल्याला हवा असलेला ‘कारी’ येतो. उसनवारी या अर्थाच्या शब्दाशेजारीच एक उसना शब्द बसलेला पाहून मला पहिल्यांदा हसू आले होते. या ‘कारी’चा अर्थ पोटॅश, आणि त्याचे मूलद्रव्य ‘कारिउमु’, ज्याच्यावर जर्मनची खूण आहे: ‘कालिउम’. तसेच सोडियमला जपानीत ‘नातोरिउमु’ म्हणतात, जर्मन ‘नाट्रिउम’वरून.

हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅश आणि सोडा यांतून ही दोन मूलद्रव्ये वेगळी केली आणि त्यांना पोटॅशियम आणि सोडियम अशी नावे दिली. इंग्रजीने ती स्वीकारली, इंग्रजीमार्फत मराठीनेही. जर्मन भाषकांनी मात्र कालिउम आणि नाट्रिउम पत्करली, आणि स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने ठरवलेल्या संज्ञांत ‘के’ आणि ‘एनए’ ही अक्षरे त्याच नावांची आहेत. आपल्याकडे आठवीतल्या मुलांना पोटॅशियमसाठी ‘के’ का, याचे उत्तर ‘लॅटिन नाव’ असे देऊन घोकायला लावले जाते. जपानी मुलाला या दोन अक्षरांचे कोडे पडतच नाही, कारण त्याच्या तोंडातील नाव आणि वहीतील संज्ञा एकाच घरातल्या आहेत. त्याला लोखंड, सोने, चांदी यांच्यापाशी घोकावे लागते ते निराळे.

यंत्राची मर्यादा येथेच पहिल्यांदा दिसली. ‘कारिउमु’च्या नोंदीत कूळ जर्मनपाशी थांबते. त्यापलीकडे जायचे तर तुम्हाला ‘आरुकारी’, म्हणजे अल्कली, हा शब्द उघडावा लागतो. तेथे डचची खूण आहे आणि पुढे अरबीचा उल्लेख आहे: ‘अल-कली’, म्हणजे खारट जमिनीत वाढणाऱ्या झाडोऱ्याची राख. ‘कारी’ आणि ‘आरुकारी’ ही एकाच अरबी शब्दाची दोन रूपे आहेत, एक अरबी उपपद गाळलेले आणि एक त्यासकट. पण कोशाच्या दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत नाहीत. शिवाय मुळातली ती राख मुख्यतः सोड्याची असे, पोटॅशची नव्हे, त्यामुळे ‘कालिउम’ हे नाव चुकीच्या धातूला चिकटले आहे असे म्हणायलाही हरकत नाही. हे यंत्रात नाही. त्याने ते द्यायला हवे होते असा माझा आग्रहही नाही.

खतांच्या एका माहितीपत्रकाचे काम करताना ‘चिस्सो, रिन्सान, कारी’ हे त्रिकूट आले आणि माझ्या मनात आपोआप शेतीच्या दुकानातील पाटी उमटली: नत्र, स्फुरद, पालाश. आपल्याकडे तिन्ही नावांना संस्कृतचा पोशाख आहे. जपानीत पहिले नाव डच शब्दाचे भाषांतर आहे, दुसऱ्याचे मूळ चिनी आणि तिसरे सरळ जर्मन-डच वळणाचे उसने. यंत्र यांपैकी तिसऱ्याचे कूळ अचूक दाखवते, आणि ‘सेइसान कारी’, म्हणजे रहस्यकथांत चहाच्या कपातून दिले जाणारे पोटॅशियम सायनाइड, याचीही फोड करून देते: ‘सेइसान’ म्हणजे निळे आम्ल, कारण ते प्रथम प्रशियन निळीपासून मिळवले गेले आणि जर्मन-डच भाषांत त्याचे नावच निळे आम्ल असे होते.

सोड्याच्या नोंदीसाठी मात्र या यंत्राला मी पैकीच्या पैकी गुण देते. ‘सोदा’ला डचची खूण आहे, आणि खाली तो शब्द पूर्वी ज्या दोन चित्रलिपी-अक्षरांत लिहिला जाई ती अक्षरे दिलेली आहेत. ही अक्षरे अर्थासाठी नव्हे, निव्वळ ध्वनीसाठी उचललेली होती. त्यातले पहिले, ‘सो’, लष्करातील ‘गुन्सो’ या हुद्द्यात, म्हणजे सार्जंटमध्ये येते. पुढे रसायनशाळेत हे एकटे अक्षरच सोड्याचे प्रतिनिधी झाले, आणि त्यातून ‘जूसो’ हा शब्द तयार झाला: ‘जू’ हे बायकार्बोनेटमधील ‘बाय’चे, ज्याचा अर्थ जडही होतो आणि दुहेरीही, आणि ‘सो’ हे सोड्याचे. म्हणजे जपानी गृहिणी सुपरमार्केटातून जो ‘जूसो’ आणते तो आपला खाण्याचा सोडा आहे, पण त्या शब्दात युरोपचे नाव शोधायला गेलात तर अक्षरांवरून काही म्हणजे काही कळत नाही; सार्जंट मात्र भेटतो. यंत्रातील ‘जूसो’च्या नोंदीत पूर्ण लांब नाव दिलेले आहे आणि त्यावर बोटाने टेकवले की थेट ‘सोदा’च्या नोंदीत उडी मारता येते. ही उडी मारण्याची सोय या यंत्राचे सर्वांत मोठे बळ आहे. निहोन सोदा या कंपनीच्या अधिकृत नावात ती जुनी अक्षरे अजून आहेत, तसेच मित्सुबिशी गॅस केमिकलच्या जपानी नावात गॅससाठीची जुनी अक्षरे आहेत, त्यामुळे कंपन्यांची नावे वाचतानाही याचा उपयोग होतो.

ही सारी उसनवारी ज्याने एका अर्थाने हिशेबात आणली तो माणूस म्हणजे उदागावा योआन. १७९८ ते १८४६ हा त्याचा काळ. त्सुयामा संस्थानाचा हा वैद्य देश न सोडता डच ग्रंथांवरून रसायनशास्त्र शिकला. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे पुस्तक जर्मनमध्ये गेले, जर्मनमधून डचमध्ये, आणि त्या डच आवृत्तीच्या आधाराने इतर ग्रंथांची भर घालत योआनने ‘सेइमी काइसो’ हा ग्रंथ सिद्ध केला, जो १८३७ पासून भागाभागाने निघाला. ‘सेइमी’ म्हणजे डच ‘खेमी’, म्हणजे रसायनशास्त्र, ध्वनीवरून अक्षरांत बसवलेले. ओसाकात १८६९ मध्ये डच शिक्षक खराटामा यांच्या हाताखाली सुरू झालेल्या संस्थेचे नावही ‘सेइमी-क्योकु’ असेच होते. पुढे चीनमध्ये रूढ झालेला ‘कागाकु’ हा शब्द वरचढ ठरला आणि सेइमी मागे पडला. मात्र विज्ञानालाही जपानीत ‘कागाकु’च म्हणतात, अक्षर निराळे आणि उच्चार तोच, म्हणून रसायनवाले आपल्या विषयाचा उल्लेख बोलताना मुद्दाम ‘बाकेगाकु’ असा करतात. यंत्रात ‘सेइमी’ आहे, डचच्या खुणेसह, ‘बाकेगाकु’ही आहे. योआनच्या नावाची नोंद चार ओळींत आटोपली आहे, जे मला कमी वाटले.

कमी वाटण्याचे कारण असे की ‘सान्सो’, ‘सुइसो’, ‘चिस्सो’ हे शब्द त्यानेच घडवले, आणि यंत्र या शब्दांना उसने मानत नाही, म्हणून कंसही देत नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, कारण अक्षरे आणि उच्चार दोन्ही आशियाई आहेत. पण अर्थ मात्र पुरता डच आहे: ‘झूरस्टोफ’ म्हणजे आंबट द्रव्य, त्याचे ‘सान्सो’, ‘वाटरस्टोफ’ म्हणजे पाण्याचे द्रव्य, त्याचे ‘सुइसो’, ‘स्टिकस्टोफ’ म्हणजे गुदमरवणारे द्रव्य, त्याचे ‘चिस्सो’. प्रत्येकातील ‘सो’ म्हणजे ‘स्टोफ’. ऑक्सिजनला नाव देणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची समजूत अशी होती की सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो. ती पुढे चुकीची ठरली, पण त्याची चूक जपानी मुले आजही ‘सान्सो’ म्हणताना उच्चारतात. मराठीने ‘प्राणवायू’ म्हणून त्या चुकीतून अंग काढून घेतले. भाषांतरित शब्दांच्या कुळाची एक ओळ जरी या कोशाने दिली असती तरी तो केवळ उपयुक्त न राहता उत्तम झाला असता. योआनने घडवलेले शब्द आणि चीनमधून आलेले शब्द यांत फरक करण्याची कोणतीही सोय येथे नाही.

रोजच्या कामात मात्र मला या यंत्राने सर्वांत जास्त कोठे वाचवले असेल, तर ते ‘बेन्झेन’ आणि ‘बेन्जिन’ यांच्यात. काताकानात या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. पहिला म्हणजे बेन्झिन, कर्करोगकारक, ज्याच्या हाताळणीवर कडक बंधने आहेत. दुसरा म्हणजे खनिज तेलाचा हलका ज्वालाग्राही भाग, जो जपानी घरांत कपड्यांवरील डाग काढायला वापरतात. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींचे उच्चार एकमेकांत इतके मिसळतात की फोनवरच्या एका कोशाने मला सरळ उलटा अर्थ दिला होता. जुन्या कागदपत्रांत ‘बेन्झोरु’ असा तिसराही शब्द भेटतो, तो जर्मन ‘बेन्झोल’चा, आणि तो पहिल्याचाच जुना अवतार आहे, तसेच ‘तोरुओरु’ म्हणजे टोल्युइन आणि ‘किशिरोरु’ म्हणजे झायलिन. यंत्र तिन्ही जुनी नावे ओळखते आणि नव्याकडे वळवते. सुरक्षा-माहितीपत्रकात ही चूक झाली तर ती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

याच नोंदींच्या निमित्ताने मी एक संध्याकाळ वाया घालवली, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. बेन्झिनच्या नावाचे मूळ ‘लुबान जावी’ या अरबी शब्दांत आहे, म्हणजे जावाचा धूप. त्यातील पहिले अक्षर युरोपीयांनी उपपद समजून गाळले आणि उरलेल्याचे ‘बेन्झोइन’ केले. आपल्या लोबानातही हाच ‘लुबान’ आहे. जपानीत मात्र त्या धुपाचे नाव ‘आन्सोकुको’ असे चीनमार्गे आलेले आहे, आणि त्यातील ‘आन्सोकु’ हे पार्थिया या प्राचीन इराणी साम्राज्याचे जुने चिनी नाव. म्हणून बेन्झोइक आम्ल जपानीत ‘आन्सोकुको-सान’. एकाच धुपापासून निघालेल्या दोन रसायनांपैकी एकाच्या नावात जावा आहे आणि दुसऱ्याच्या नावात इराण. तसेच ‘आनिरिन’चे: यंत्र म्हणते जर्मन, आणि ते खरे आहे, पण नीळ तापवून मिळालेल्या या द्रव्याचे नाव पोर्तुगीज ‘अनिल’ आणि अरबी ‘अन-नील’ असे मागे जात आपल्या ‘नीली’पाशी पोहोचते. ‘साक्कारिन’मधील शर्कराही अशीच. यंत्र शेवटच्या सावकाराचे नाव सांगते, मूळ धन्याचे नाही. बेन्झोइन आणि नीळ यांची माहिती मी अन्य ग्रंथांतून जमवली, त्याचे श्रेय यंत्राला देता येत नाही.

उलट दिशेचा सापळा नवशिक्यांनी लक्षात ठेवावा, आणि येथे यंत्र पुन्हा कामाला येते. काताकानात लिहिलेले ते सारे युरोपीय, असे आपण शिकतो आणि फसतो. ‘कुएन्सान’, म्हणजे सायट्रिक आम्ल, यातील ‘कुएन’ बघून मी जर्मन कोश धुंडाळला होता; तो निघाला महाळुंगासारख्या फळाचे चिनी नाव, अवघड अक्षरांमुळे काताकानात लिहिलेले. ‘गिसान’, म्हणजे फॉर्मिक आम्ल, यातील ‘गि’ म्हणजे मुंगी. ‘योसो’, म्हणजे आयोडीन, याची कथा आणखी गुंतागुंतीची आहे: ‘यो’ हा युरोपीय ‘योड’चा ध्वनी, जो एका चिनी अक्षरात बसवला होता, आणि १९४६ च्या मर्यादित अक्षरयादीत ते अक्षर नसल्यामुळे तो पुन्हा काताकानात आला. चिली खालोखाल जगात सर्वांत जास्त आयोडीन काढणाऱ्या देशाच्या भाषेत त्याचे नाव असे दोनदा पोशाख बदलून बसले आहे. यंत्राच्या नोंदीत मूळ अक्षरे दिलेली असल्यामुळे हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. लिपीवरून कूळ ठरवण्याची सवय मोडायला याहून चांगला शिक्षक मला मिळाला नाही.

एकच शब्द दोन दारांनी आला की दोन होतो, हे ‘गेरु’ आणि ‘जेरु’ यांत पाहावे. प्रयोगशाळेतील जेल ‘गेरु’ आहे, जर्मन कठीण ‘ग’सह, केसांना लावायचे जेल ‘जेरु’ आहे, इंग्रजीवरून. सौंदर्यप्रसाधनाच्या कारखान्याचा दस्तऐवज हाती आला की दोन्ही एकाच पानावर येतात आणि भाषांतरात दोन्हींचे ‘जेल’च होते, तरी कोणते कोठे हे लेखकाच्या मनात पक्के असते. रबर ‘गोमु’ डच, च्युइंगगम ‘गामु’ इंग्रजी, आणि चघळायच्या मऊ गोळ्या ‘गुमी’ जर्मन; हे तिघे भाऊ यंत्रात तीन वेगवेगळ्या खुणा लावून उभे आहेत.

आता उणिवा, ज्या थोड्या नाहीत. संयुगांची नावे जपानीत उच्चारावरून नव्हे तर स्पेलिंगवरून अक्षरशः उतरवली जातात, असा जपानी रसायनशास्त्र संघटनेचा नियम आहे. म्हणून ज्याला आपण सायक्लोहेक्झेन म्हणतो ते ‘शिकुरोहेकिसान’ होते, ‘साइकुरो’ नव्हे. यंत्रातील शास्त्रीय कोश हा नियम पाळतो, पण कोठेही सांगत नाही, आणि तुम्ही इंग्रजी कानाने ऐकून ‘साइकुरो’ टाकले तर ‘नोंद नाही’ एवढे एकच वाक्य पडद्यावर येते. स्वर लांबवण्याची आडवी रेघ विसरलात तरी तेच. निओडिमियम या धातूचे अधिकृत जपानी नाव जर्मन ‘नेओडिम’वरून ‘नेओजिमु’ असे आहे, पण चुंबक विकणारे निम्मे लोक ‘नेओजिउमु’ लिहितात. अशा रूढ चुकीच्या रूपावरून बरोबर रूपाकडे नेणारी नोंद अवश्य हवी होती, ती नाही. सामूला, म्हणजे पीएचला, जर्मन पद्धतीने ‘पेहा’ म्हणावे की इंग्रजी पद्धतीने ‘पीएइचि’, याविषयी यंत्र दोन्ही रूपे देते, पण पहिले आता मुख्यतः जुन्या पिढीच्या तोंडी राहिले आहे हे सांगत नाही, आणि दुभाष्याचे काम करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

यंत्र म्हणून पाहिले तर पडद्याचा उजेड कमी आहे, बिजागरी सैल झाली आहे आणि सूचना फक्त जपानीत आहेत. कळफलकाच्या कळा बोटांच्या मानाने लहान. पेन्सिल-सेलची एक जोडी माझ्या वापरात सुमारे अडीच महिने पुरते, ही त्यातल्या त्यात सुखाची गोष्ट. हाताने अक्षर लिहून शोधण्याची खालची पट्टी अजून चांगली चालते, आणि जुन्या अक्षरांत लिहिलेला गॅस किंवा सोडा ओळखायचा असेल तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने दुकानात उभे राहून सर्वांत आधी ही पट्टीच तपासावी. आवाज, रंग, बाकीचे कोश यांकडे नंतर पाहिले तरी चालेल. केवळ इंग्रजी अर्थ हवा असणाऱ्यांनी हा खर्च करू नये, त्यांना फोन पुरे. रसायने, औषधे किंवा प्रयोगशाळेचा मजकूर हाताळणाऱ्याला मात्र मी पाचपैकी चार तारे देऊन हे यंत्र सुचवीन, आणि तो पाचवा तारा योआनच्या चार ओळींपायी कापला आहे असे समजावे.

२०१२ नंतरचे काहीच यात नाही, हे अर्थातच गृहीत धरायला हवे. ११३ व्या मूलद्रव्याला २०१६ मध्ये ‘निहोनिउमु’ हे नाव मिळाले, ते येथे सापडणार नाही. हेलियम, निऑन या वायूंचे ‘किगासु’ हे सामूहिक नाव पूर्वी ‘विरळ’ अर्थाच्या अक्षराने लिहीत, आता इंग्रजीतील ‘नोबल’ला जुळणाऱ्या ‘श्रेष्ठ’ अर्थाच्या अक्षराने लिहावे असे ठरले आहे. उच्चार तोच, त्यामुळे बोलताना कोणाला काही कळत नाही, पण यंत्र जुनेच अक्षर दाखवते. असे शब्द मी एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवते. सध्या त्या चिठ्ठीवर एकोणीस शब्द आहेत आणि झाकण अजून नीट मिटते.